टाच सुधारायची तर आधी फर्मा हातात घ्या

कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात दोन पिढ्या कोल्हापुरी चपलांचं काम. त्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी दोन इंची ब्लॉक हीलची (ठोकळ्यासारख्या टाचेची) कोल्हापुरी आणि पुरुषांचे घोट्यापर्यंतचे बूट करायला सुरुवात केली. माल खपतो, पण तक्रारी त्याच त्या तीन येतात. टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात तीन-चार महिन्यांत झिजते, चालताना डगमगते, आणि उंच टाचेच्या चपलेत पाय पुढं घसरून बोटं चेंगरतात. हील पुरवणारा म्हणतो, रुंद आणि मऊ हील घ्या. कुठली घ्यावी, असं त्यांनी विचारलंय.

ताई, अजून कुठलीच घेऊ नका. रुंद हीलनं डगमगणं थोडं झाकलं जाईल, मऊ हीलनं पहिला आठवडा बरा वाटेल, आणि पुढं त्याच जोड्या परत दुकानात येतील. मी तीस वर्षं बूट आणि चपला करतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं: टाच एका उंचीची आणि फर्मा (ज्यावर चप्पल-बूट घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा) दुसऱ्याच उंचीचा, आणि बुटाच्या आत टाचेला धरून ठेवणारं काही नाही. हे दोन्ही आधी बघायचं, मग हीलचा आकार ठरवायचा.

सुरुवात वापरलेल्या मालापासून करा. तक्रार केलेल्या पाच-सहा गिऱ्हाइकांच्या जुन्या जोड्या मागवून घ्या. टॉप फुकट बदलून देतो म्हटलं की लोक खुशीनं देतात. (टॉप म्हणजे टाचेखालचा जमिनीला लागणारा तुकडा.) जोड्या उलट्या करून ओळीनं मांडा. चालताना टाचेची मागची बाहेरची कड जमिनीला पहिल्यांदा लागते आणि मग वजन आत सरकत जातं, त्यामुळं त्या कोपऱ्यात थोडी झीज होणारच. ती दोन्ही पायांत सारखी असेल आणि तीन-चार महिन्यांत एका सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) आत असेल, तर तो दोष धरू नका. आतल्या बाजूनं झिजली असेल तर काउंटर (टाचेला मागून धरणारा कडक कप) ढिला आहे किंवा गिऱ्हाइकाचा तळवा सपाट आहे. फक्त उजव्या बुटाची टाच मागून घासलेली असेल तर माणूस चारचाकी चालवतो. ऍक्सिलरेटर दाबताना टाच मॅटवर घासते, त्यात तुमचा काही दोष नाही. पण टाचेची पुढची कड, म्हणजे कमानीकडची, झिजून गोल झाली असेल, तर टाच फर्म्यापेक्षा उंच लागली आहे हे नक्की समजा.

याच मुद्द्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त चूक इथंच होते. प्रत्येक फर्मा एका ठरलेल्या टाचेच्या उंचीसाठी घडवलेला असतो. त्याच्या टाचेखाली तेवढ्या उंचीचा ठोकळा ठेवला की पंजाचा रुंद भाग टेबलाला टेकतो आणि नाक थोडं वर राहतं. ते वर राहिलेलं नाक म्हणजे टो-स्प्रिंग. पाऊल उचलताना बूट पुढं सहज लोळतो तो त्यामुळंच. आता समजा फर्मा 38 मिलिमीटरचा आहे आणि बाजारात 50 ची हील देखणी मिळाली म्हणून ती लावली. फरक 12 मिलिमीटरचा. टाचेपासून पंजापर्यंतचं अंतर साधारण 150 मिलिमीटर धरलं, तर सगळा बूट साडेचार अंशांनी पुढं कलतो. टॉप पुढून मागं 40 मिलिमीटर लांब असेल तर त्याची पुढची कड टेकते आणि मागची कड जमिनीपासून 3 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक सूत, वर राहते. गिऱ्हाईक उभं राहिलं की वजन त्या पुढच्या कडेवर, आणि पाऊल टाकलं की मागचा कोपरा हिसका खाऊन खाली येतो. प्रत्येक पावलाला टाच पुढं-मागं झुलते. डगमगणं ते हेच. मागचा कोपरा लवकर झिजतो तोही याचमुळं, कारण बेताचा भार घ्यायच्या ऐवजी तो दर वेळी आपटतो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. जाड काचेचा तुकडा ओट्यावर सपाट ठेवा, त्यावर नवी जोडी ठेवा आणि वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी टाचेखाली मागून सरकवा. पट्टी आत गेली तर टाच उंच आहे. पुढून, कमानीच्या बाजूनं गेली तर टाच कमी आहे. कुठूनच गेली नाही तर नाकाखाली बघा. नाक काचेला टेकलं असेल तर कारागिरानं टाच खालून घासून सपाट केली आहे आणि मूळ दोष तसाच ठेवलाय. माझे वडील ही तपासणी गॅसबत्तीच्या उजेडात करायचे. बुटाच्या पलीकडं बत्ती धरायची आणि टाचेखालून उजेडाची रेघ दिसते का बघायचं. केसाएवढी फट असली तरी रेघ लखकन दिसते. आता मोबाईलची बॅटरी आहे, पण पद्धत तीच.

आता पाय पुढं घसरण्याचं. तुमच्या मूळ कोल्हापुरीचा तळ जाड, सरळ, कडक. जमिनीवर सपाट असतो तेव्हा त्याच्यासारखं आरामदायी काही नाही. पण त्याच सरळ तळाच्या मागं दोन इंची ठोकळा लावला की टाचेपासून पंजापर्यंत घसरगुंडी तयार होते. पाय उतारावर उभा राहतो आणि त्याला अडवणारं काय, तर अंगठा आणि पट्टा. म्हणून बोटं चेंगरतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी पट्टा रुततो. उंच टाचेच्या चांगल्या फर्म्यात उतार सगळीकडं सारखा नसतो. टाचेची बैठक जवळजवळ आडवी असते आणि किंचित वाटीसारखी खोल असते; उतार येतो तो कमानीच्या भागात. त्यामुळं टाच बैठकीत बसून राहते आणि पुढं ढकलली जात नाही.

हे तुम्हाला करता येईल, आणि मला वाटतं बाहेरगावच्या कारखान्यांपेक्षा चांगलं करता येईल, कारण तुमच्या हातात बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं आहे. हे चामडं ओलं केलं की वळवाल तसं वळतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. क्रोमनं कमावलेल्या चामड्याला हे जमत नाही. तळाचा आतला थर पाण्यात भिजवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा, फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी तो थंड आणि लवचीक लागेल, अंगठ्यानं दाबला तर ठसा राहील. तेव्हा फर्म्याच्या तळाला लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधा आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलात तर कडा मुरडतात. सोडवाल तेव्हा टाचेची वाटी आणि कमानीचा बाक दोन्ही त्यात उतरलेले असतील. मग खालचे थर आणि टाच. वादीची शिलाई नेहमीसारखीच राहू द्या.

फर्मा नवा करून घ्यावा लागेल, हे खरं. खर्च आहे, पण एका उंचीचा एक चांगला फर्मा करून घ्या आणि त्याच उंचीवर ठाम राहा. गिऱ्हाईक म्हणालं अर्धा इंच वाढवा, तर त्या फर्म्यावर वाढवू नका. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक खपून जातो. त्यापुढं नाही.

पुढचा प्रश्न टाच उभी कुठं करायची हा. फर्म्याच्या लांबीचा मागचा चौथा भाग म्हणजे साधारण टाचेची बैठक. तिच्या मध्यावर पेन्सिलनं खूण करा आणि फर्मा त्याच्या उंचीवर ठेवून तिथून ओळंबा सोडा. दोरा टॉपच्या मध्याजवळ पडला पाहिजे, थोडा पुढं-मागं चालेल, पण टॉपच्या बाहेर कधीच नाही. दोरा टॉपच्या पुढं पडत असेल, म्हणजे टाच फार मागं लागली असेल, तर वजनानं ती हळूहळू मुडपते. फार पुढं लागली असेल तर माणूस मागं कलंडतो. याची दुसरी तपासणी काचेवरच होते. जोडी काचेवर ठेवून बैठकीच्या मध्यात अंगठ्यानं जोरात दाबा. नाक उचललं तर टाच पुढं आहे. दाबल्यावर टाच जागेवरून सरकताना दिसली तर ती मागं आहे, किंवा बांधणी ढिली आहे. रुंद ब्लॉक हीलमध्ये हे दोष उशिरा दिसतात, बारीक हीलमध्ये पहिल्याच दिवशी.

बांधणी बघायला परत आलेली एक जोडी फोडावीच लागेल. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं दुसऱ्या ठिकाणी केलेला एक बूट आला होता, टाच हलत होती. रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) इनसोलचा, म्हणजे आतल्या तळाचा, मागचा भाग उचलला. खाली चार चुका (बारीक खिळे), चारही एका बाजूला झुकलेल्या, भोकांभोवती गंजाचे तपकिरी डाग, आणि भोकं गव्हाच्या दाण्याएवढी लांबट झालेली. शँकची, म्हणजे कमानीला आधार देणारी, पोलादी पट्टी होती, पण ती टाचेच्या अलीकडंच संपत होती. म्हणजे सगळा भार फक्त त्या चार चुका आणि चिकटवायच्या सोल्युशनवर. अशी टाच कितीही रुंद करा, हलणारच. शँक टाचेच्या मध्यापासून निघून पंजाच्या रुंद भागाच्या अर्धा इंच अलीकडं संपायला हवी, आणि टाचेचा मुख्य स्क्रू शँकच्या मागच्या भोकातूनच गेला पाहिजे. मध्ये एक स्क्रू आणि कडेनं चार-पाच खाचेच्या चुका, सगळ्या आतून टाचेत ठोकलेल्या. पट्टी स्प्रिंगच्या पोलादाची घ्या, साध्या पत्र्याची वाकते. उद्यमनगरात कुणीही कापून, कमानीचा बाक देऊन देईल. बसवण्याआधी तिला वॉर्निशचा हात द्या, नाहीतर आपल्याकडच्या पावसात गंजते.

काउंटरबद्दल थोडक्यात. बुटात टाचेला मागून धरणारा तो कडक कपच मऊ असेल तर खालची टाच कितीही सरळ असो, वर पाय डुलतो. चामड्याचा काउंटर पुठ्ठ्यापेक्षा महाग पडतो. तरी घालाच.

आता हीलच्या आकाराकडं येऊ. 60 किलोची बाई एका पायाच्या टाचेवर उभी राहिली आणि टॉप 4 सेंटिमीटर बाय 4 सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर चार किलोपेक्षा कमी भार येतो. टॉप 1 बाय 1 सेंटिमीटरचा असेल तर सगळे 60 किलो त्या एका चौकोनावर. 1950 च्या दशकात बारीक पोलादी दांड्याच्या टाचा निघाल्या तेव्हा त्यांनी लाकडी आणि लिनोलियमच्या जमिनींना खड्डे पडायचे, ते याच हिशेबानं. तुमच्या कामाला ब्लॉक हीलच योग्य. तिच्या बाजू खाली येताना निमुळत्या करू नका, सरळ ठेवा. बाहेरच्या बाजूनं खाली एक सूत रुंद ठेवलीत तर अजून स्थिर. पण पुरवठादार सांगतोय तशी दोन्हीकडं पसरट नको. टाच बाहेर जितकी पसरते तितकी ती जमिनीला आधी लागते आणि तरफेसारखी पायाला आत ढकलते. घोटा दुखायला लागतो आणि लोकांना कारण कळत नाही.

मालाचं म्हणाल तर कोल्हापुरीसाठी चामड्याच्या थरांचीच टाच करा. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिची ओळख वरपासून खालपर्यंत चामडं ही आहे. तिच्याखाली प्लॅस्टिकचा ठोकळा मला तरी बघवत नाही. फक्त जमिनीला लागणारा शेवटचा थर रबराचा ठेवा. चामड्याचा टॉप पावसाळ्यात पाणी पितो, फुगतो, मग थर सुटतात. टायरचं रबर टिकतं खूप, पण फार कडक असतं, फरशीवर घसरतं आणि आवाज करतं. त्यापेक्षा दाट रबराचा 5-6 मिलिमीटरचा टॉप चांगला.

रबरी टाच ज्यानं रूढ केली त्या हम्फ्री ओ'सलिव्हनची हकिकत आपल्या कामातल्या माणसानं माहीत करून घ्यावी अशी आहे. तो अमेरिकेत छापखान्यात कामाला होता. दिवसभर दगडी फरशीवर उभं राहून पाय भरून यायचे, म्हणून त्यानं पायाखाली रबराची चटई घ्यायला सुरुवात केली. सोबतचे लोक ती पळवायला लागले, तेव्हा त्यानं चटईतून टाचेच्या मापाचे तुकडे कापून बुटालाच ठोकले. 1899 मध्ये त्याला पेटंट मिळालं. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या दुखण्यातून ही सुधारणा झाली. तुमचं गिऱ्हाईकही महाद्वार रोडवरच्या दुकानात दहा तास उभं राहणारं असू शकतं.

पीयूच्या (पॉलियुरेथेन या फेसाळ प्लॅस्टिकच्या) हलक्या टाचा आणि सोल स्वस्त मिळतील. त्याबद्दल कळकळीनं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका पुरवठादाराकडून पीयू सोल घेऊन चाळीस जोड्या केल्या आणि त्यातल्या निम्म्या दीड-दोन वर्षं माळ्यावर पडून राहिल्या. खोक्यातून काढल्या तेव्हा वरचं चामडं नव्यासारखं होतं, आणि सोल बोटानं दाबला की खारी बिस्किटासारखा भुगा. हवेतल्या ओलाव्यानं पीयू आतून तुटत जातो, वापरा किंवा न वापरा. पंचगंगेच्या खोऱ्यात चार महिने हवा दमट असते. पीयू घ्यायचाच असेल तर दमट हवेत टिकणारा कुठला, हे लेखी विचारून घ्या, आणि माल साठवून ठेवू नका.

घसरण्याचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, तरी तो सगळ्यात गंभीर आहे. माणूस घसरतो तो बहुतेक वेळा टाच टेकते त्या क्षणी. टाचेची मागची कड काटकोनी असेल तर पाऊल टेकताना फक्त एक रेघ जमिनीला लागते, आणि ओल्या दगडावर तेवढ्यानं पकड मिळत नाही. ती कड खालून साधारण 10 अंशांनी तासा, मागचे 10-12 मिलिमीटर फक्त. म्हणजे पहिल्या क्षणालाच रेघेऐवजी पट्टा टेकतो, आणि कोपऱ्याची झीजही कमी होते. एवढंच करून बघा: टाचेला खडू लावा आणि काळ्या फरशीवर नेहमीसारखं दहा पावलं चाला. न तासलेल्या टाचेचा ठसा कोपऱ्यात बारीक चंद्रकोरीसारखा उमटतो, तासलेल्याचा बोटभर रुंद. आणि बुटाच्या टाचेला नाल मारून मागणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला समजावा. पावसात घाटाच्या पायऱ्यांवर लोखंड म्हणजे हात-पाय मोडून घेणं.

पुरुषांचे बूट तुम्ही शिरोलीच्या फाउंड्रीतल्या लोकांना विकायचं म्हणता, तर त्यांची टाच वेगळी. तिथं शिडी चढायची असते, म्हणून टाचेची पुढची भिंत सरळ आणि निदान 10-12 मिलिमीटर उंच हवी, म्हणजे पाय दांड्यावर अडकून राहतो. टाच मुळात आली ती अशाच कामासाठी. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय रोवून उभं राहून बाण मारायचे, तेव्हा पाय पुढं निसटू नये म्हणून टाच, आणि युरोपात ती फॅशन झाली ती नंतर, 1600 च्या सुमारास. सेफ्टी शूजच्या आंतरराष्ट्रीय मानकात टाचेच्या भागानं निदान 20 ज्यूल ऊर्जा शोषली पाहिजे असा नियम आहे. तपासणी आणि परवान्याशिवाय सेफ्टी शूज म्हणून विकू नका, साधे बूट म्हणून विका.

उंचीबद्दल गिऱ्हाइकाशी खरं बोला. टाच वाढली की भार पंजावर जातो आणि पोटरीचे स्नायू आखडत जातात. आणि रुंद टाच म्हणजे गुडघ्याला सुरक्षित, असं जे सांगतात ते बरोबर नाही. 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात रुंद उंच टाचेनंही गुडघ्यावरचा ताण अनवाणी चालण्यापेक्षा वाढलेला दिसला. रुंदीनं तोल सुधारतो, गुडघा वाचत नाही. म्हणून माझा सल्ला दीड इंचाचा आहे. त्यात ऐट राहते आणि तुमच्या चामड्याला घडवायलाही ती उंची सोपी जाते.

कधी कुणी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येईल, टाच आतल्या बाजूनं पुढं अर्धा इंच वाढवा आणि एक-दोन सूत उंच करा म्हणून. ही थॉमस हील, 19 व्या शतकातल्या ह्यू ओवेन थॉमस या ब्रिटिश हाडवैद्याच्या नावाची. चिठ्ठीवर माप असेल तसंच करा, स्वतःच्या अंदाजानं कुणाचीही टाच एका बाजूनं उचलू नका.

तयार पडलेल्या मालाचं काय करायचं, तर ज्या जोड्यांची टाच चामड्याच्या थरांची आहे त्यांचे दोन थर काढून ती 38 मिलिमीटरच्या, म्हणजे दीड इंचाच्या, आसपास आणा, कागदाची पट्टी लावून बघा, मग नवा टॉप लावून मागची कड तासा. प्लॅस्टिकची हील भरीव असेल तर कापता येते, पोकळ असेल तर बदलावीच लागेल. पहिल्या दोन जोड्या करून स्वतः आठवडाभर घाला, दुकानात नका ठेवू. आणि काचेवर ठेवलेल्या जुन्या जोडीचा एक फोटो काढून पाठवा, अगदी बाजूनं, कॅमेरा टाचेच्या उंचीला धरून. शँक कुठं संपते ते फोटोत दिसणार नाही, तेवढं इनसोल उचलून पट्टीनं मोजून लिहा.